हक्काच्या कामाला पैसा : पात्र कोण, अपात्र कोण?

(अहमदपूर येथील जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय असा आहे : मानवी हक्कांच्या कामासाठी प्रकल्पाचे अनुदान मिळावे म्हणून आपण अर्ज करावा काय? हा विषय तरुण कार्यकर्त्यांनी लिहून दिला आहे आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याला उचल फिटली नाही म्हणून मुकादमाने अडकवून ठेवले, तर त्यांना सोडवायला जीप लागते, वकील लागतो, कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात चार दिवस मुक्काम पडतो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोला तहसिलातून 'अपात्र' म्हणून परत पाठवले, तर तिच्यासोबत हेलपाटे घालायला एक माणूस लागतो, आणि त्या माणसाच्या घरी चूल पेटावी लागते. वर्गणीवर हे भागत नाही. सोयाबीन, कापूस, तूर, ज्वारी, चारीही पिकांनी दगा दिलेल्या वर्षी वर्गणीचा शब्द काढायला तोंड होत नाही.

तेव्हा कोणीतरी सांगितले की देशात, परदेशात मानवी हक्कांच्या कामाला पैसा देणाऱ्या संस्था आहेत, नुसता अर्ज टाकायचा. अर्ज टाकायला हरकत नाही. पण अर्जाच्या पहिल्या पानावर पात्रतेच्या अटी असतात, आणि त्या वाचल्याशिवाय ठराव करण्यात अर्थ नाही. आज मी त्या अटीच तुमच्यासमोर मांडणार आहे. त्यानंतर ठराव तुम्ही करायचा.

पात्र आणि अपात्र हे शब्द आपल्याला नवे नाहीत. २००५ सालापासून महाराष्ट्र शासन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये देते. त्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावावर पाहिजे, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे पाहिजे, ते थकलेले पाहिजे आणि वसुलीचा तगादा पाहिजे. जो बटईने किंवा ठोक्याने रान करत होता, ज्याने बिनपरवान्याच्या सावकाराकडून पाच टक्के महिन्याने पैसे उचलले होते, जिच्या नावाने सातबाराच नव्हता, ते मरूनसुद्धा कागदावर शेतकरी ठरले नाहीत. अट कोणी घातली, कोणाला डोळ्यासमोर ठेवून घातली आणि तिच्यातून कोण गळते, हे पाहण्याची सवय आपल्याला या पंचनाम्यांनी लावली आहे. तीच नजर या अनुदानाच्या अटींवर टाकू.

अर्जदार कोण?

पहिली अट सगळीकडे सारखी आहे. पैसा माणसाला मिळत नाही, नोंदलेल्या संस्थेला मिळतो. संघटना म्हणजे तुम्ही-आम्ही, बिल्ला लावला की संघटनेचा पाईक. आपली ना घटना नोंदलेली, ना बँकेत संघटनेच्या नावाचे खाते. ही आपली ताकद आहे असे मी आजवर मानत आलो, कारण जी गोष्ट नोंदलेली नाही ती रद्द करता येत नाही. पण देणाऱ्याच्या दृष्टीने आपण अस्तित्वातच नाही.

महाराष्ट्रात संस्था म्हणून उभे राहायचे तर रस्ते तीन. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जणांची संस्था, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास, किंवा कंपनी कायद्यातील कलम ८ ची विनानफा कंपनी. पहिल्या दोन्हींचा संबंध लातूरच्या धर्मादाय कार्यालयाशी येतो. नोंदणी करणे अवघड नाही. अवघड आहे ती नोंदणी जिवंत ठेवणे. दर वर्षी हिशेब तपासून दाखल करायचे, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा. आपल्या भागात किती तरी संस्था अशा आहेत की त्यांच्या दप्तरी अजून वारलेले अध्यक्ष सही करायला मोकळे आहेत. देणारी संस्था पहिल्यांदा हेच मागते : कार्यकारिणीची आजची यादी, धर्मादाय कार्यालयाने मान्य केलेली. आणि त्या यादीत नवरा, बायको, मेव्हणा, पुतण्या असतील तर अर्ज तिथेच बाजूला ठेवतात. त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

यापुढे पॅन, आयकर खात्याकडची धर्मादाय संस्था म्हणून नोंद, जिला लोक जुन्या कलमावरून अजून बारा-ए म्हणतात, आणि नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरचा क्रमांक. मग तीन वर्षांचे तपासलेले हिशेब. आज संस्था काढली तर तीन वर्षांचे हिशेब तीन वर्षांनीच तयार होणार. म्हणजे या हंगामातल्या ऊसतोड्यासाठी या मार्गाने काहीच होणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवा.

परदेशी पैशाची वेस

आता मुख्य गोष्ट. मानवी हक्क म्हणून जो पैसा ओळखला जातो त्याचा मोठा भाग परदेशातून येतो, आणि त्याच्या वेशीवर परकीय अंशदान नियमन कायदा उभा आहे. हा कायदा पहिल्यांदा आला १९७६ साली, आणीबाणीत. त्याच वर्षी, त्याच सरकारने वेठबिगार निर्मूलनाचा कायदाही केला. एकाच वर्षाचे हे दोन कायदे. एकाने वेठबिगाराला मोकळे केले आणि दुसऱ्याने त्याच्या मदतीला येणाऱ्या पैशावर पहारा बसवला. पहारा का नको, असे विचाराल तर मी म्हणेन, असावा. परदेशी पैशावर या देशातल्या निवडणुका होऊ नयेत हे कोणालाही पटेल. प्रश्न एवढाच की पहारेकरी कोणाला अडवतो.

१९७६ चा कायदा जाऊन २०१० चा कायदा आला आणि १ मे २०११ पासून लागू झाला. २०२० साली त्यात मोठे बदल झाले. आज अट अशी की नोंदणी हवी असेल तर संस्था तीन वर्षे जुनी पाहिजे आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले पाहिजेत. २०२० च्या आधी हा आकडा १० लाख होता. हा खर्च कार्यालय आणि पगार सोडून, प्रत्यक्ष कामावरचा.

जरा हिशेब करा. तीन वर्षांत १५ लाख म्हणजे वर्षाला ५ लाख. कोरडवाहू शेतकऱ्यांच्या एका तालुक्याच्या संघटनेने घरचे ५ लाख रुपये दर वर्षी वकिलावर आणि जीपवर खर्च करायचे, तीन वर्षे करायचे, आणि मग दिल्लीला सांगायचे की आम्हांला पैशाची गरज आहे. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्यालाच मोटार द्यायची, असा हा प्रकार. सोसायटीत कर्ज मागायला गेल्यावर आपण हाच अनुभव घेतो.

एक आडवाट कायद्यातच आहे. तिला पूर्वपरवानगी म्हणतात. देणाऱ्याने ठरावीक रकमेचे, ठरावीक कामासाठीचे लेखी आश्वासनपत्र दिले आणि नोंदलेल्या संस्थेने त्या एका कामापुरती गृह मंत्रालयाची परवानगी मागितली, तर तीन वर्षांची आणि १५ लाखांची अट लागत नाही. नव्या संस्थेसाठी हीच वाट आहे. पण आधी देणारा सापडला पाहिजे, आणि परवानगी येईपर्यंत थांबायची त्याची तयारी पाहिजे.

पूर्वी आणखी एक वाट होती आणि खेड्यातली बहुतेक कामे त्याच वाटेने झाली. मुंबई-पुण्याची, दिल्लीची मोठी संस्था परदेशी पैसा घ्यायची आणि त्यातला वाटा तालुक्याच्या लहान संस्थेला द्यायची. लहान संस्थेला इंग्रजीत अर्ज लिहावा लागत नसे. २०२० च्या दुरुस्तीने ही वाट पूर्ण बंद केली. ज्याच्या नावाने पैसा आला त्यानेच तो खर्चायचा, दुसऱ्या नोंदलेल्या संस्थेलासुद्धा द्यायचा नाही. त्याच दुरुस्तीने कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. ऐकायला हे फार छान वाटते. पण हक्काच्या कामात बियाणे, गाई-म्हशी, बांधकाम असे वाटायचे काही नसते. तिथे सगळा खर्च माणसांचा, प्रवासाचा आणि कागदाचा. त्यातला कोणता कार्यालयाचा आणि कोणता कामाचा, यावर तपासनीस आणि संस्था यांच्यात रोज भांडण. शिवाय हा पैसा पहिल्यांदा उतरायचा तो दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच. खाते उघडायला दिल्लीला जावे लागत नाही, आपल्या गावच्या शाखेतून होते, आणि तिथून पैसा पुढे आपल्या बँकेत आणता येतो. पण कापूस अहमदपूरचा आणि काटा दिल्लीचा, असा हा व्यवहार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२२ रोजी या दुरुस्त्या वैध ठरवल्या, तेव्हा त्यावर आता वाद घालून उपयोग नाही. वीस हजारांहून जास्त संस्थांची नोंदणी आजवर रद्द झाली आहे. त्यांत बोगस संस्था होत्या, वर्षानुवर्षे हिशेब न देणाऱ्या होत्या, आणि चांगले काम करणाऱ्याही होत्या.

रास्ता रोको करणारे

आता आपल्या घरचा प्रश्न. २०११ च्या नियमांत तिसरा नियम असा होता : जी संघटना सार्वजनिक प्रश्नासाठी बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो या मार्गांचा नेहमी अवलंब करते, ती राजकीय स्वरूपाची संघटना समजावी. राजकीय स्वरूपाची म्हटली की परदेशी पैसा बंद. शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या, विद्यार्थ्यांच्या संघटनांचाही त्याच नियमात वेगळा उल्लेख होता. शिरूर ताजबंदच्या चौकात बैलगाड्या आडव्या लावणारे जितके लोक या मंडपात बसले आहेत, त्या सर्वांचे वर्णन दिल्लीतल्या कोणा अधिकाऱ्याने इतक्या नेमक्या शब्दांत करून ठेवले होते.

या नियमाविरुद्ध इंडियन सोशल ॲक्शन फोरम, म्हणजे इन्साफ, ही संस्था न्यायालयात गेली. ६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायालयाने नियम रद्द केला नाही, त्याचा अर्थ आवळला. आपल्या हक्कांसाठी झगडणाऱ्या लोकांच्या गटाला एखादी संघटना राजकीय हेतू न ठेवता पाठिंबा देत असेल, तर बंद किंवा रास्ता रोको केला एवढ्यावरून तिला राजकीय ठरवता येणार नाही. सक्रिय राजकारणात, पक्षीय राजकारणात असलेल्या संघटनांनाच हा नियम लागेल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने नियमात तशी दुरुस्तीही केली.

हा निकाल महत्त्वाचा आहे आणि तो प्रत्येक जिल्ह्यात माहीत असायला पाहिजे. पण लगेच फटाके उडवू नका. दोन अडचणी उरतात.

पहिली अशी की शेतकऱ्यांच्या संघटना निवडणुकीपासून लांब राहिल्या आहेत असे नाही. शरद जोशींनी १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला आणि २००४ ते २०१० ते राज्यसभेत होते. राजू शेट्टी २००९ आणि २०१४ साली लोकसभेवर निवडून गेले. त्यात गैर काय? शेतकऱ्याने मत मागू नये असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? पण मत मागायचे आणि परदेशी अनुदानही मागायचे, या दोन गोष्टी कायद्याने एकत्र जमत नाहीत. निवडणुकीचा उमेदवार, आमदार, खासदार, पक्ष आणि पक्षाचा पदाधिकारी यांना परदेशी पैसा घेता येत नाही. २०२० पासून त्यात लोकसेवकही आले. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात सरपंच आणि सदस्य लोकसेवक धरले आहेत, तेव्हा त्यांना संस्थेत घेण्याआधी वकिलाचा लेखी सल्ला घ्या. नोंदणीकृत वर्तमानपत्राचा संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक, स्तंभलेखक हेही त्या यादीत आहेत. म्हणजे आपले अंक काढणाऱ्यांनीही आपले नाव कुठे आहे ते पाहून ठेवावे.

दुसरी अडचण जास्त टोचणारी आहे. नोंदणीसाठी कायद्याच्या बाराव्या कलमात एक अट आहे : संस्थेच्या कोणत्याही संचालकाला किंवा पदाधिकाऱ्याला कोणत्याही कायद्याखाली शिक्षा झालेली नसावी आणि त्याच्यावर कोणत्याही गुन्ह्याचा खटला प्रलंबित नसावा. कोणत्याही, हा शब्द नीट ऐका. रास्ता रोको केल्याने संघटना राजकीय ठरत नाही असे न्यायालय सांगते. पण त्याच रास्ता रोकोत बेकायदा जमाव म्हणून तुमच्यावर खटला भरला असेल आणि तो कोर्टात पंधरा वर्षे तारखा खात पडला असेल, तर पदाधिकारी म्हणून तुम्ही अपात्र. पुढच्या दाराने आत घेतले आणि मागच्या दाराने बाहेर काढले. या मंडपात ज्याच्यावर एकही केस नाही त्याने हात वर करावा. (हशा.) बघा, मायबहिणींचे हात जास्त आहेत. कार्यकारिणी कोणाची करायची ते यातून आपोआप ठरते, आणि ते वाईट नाही.

आंदोलनातले खटले मागे घेण्याचे निर्णय महाराष्ट्र शासनाने वेळोवेळी काढले आहेत. जीवितहानी झालेली नसावी, मालमत्तेचे मोठे नुकसान झालेले नसावे, अशा अटी त्यात असतात आणि खटला कोर्टाच्या परवानगीने मागे घेतला जातो. पण तो आपोआप मागे जात नाही, मागे लागावे लागते. अनुदान घ्या की घेऊ नका, जिल्ह्यातल्या अशा खटल्यांची यादी या महिन्यात तयार व्हायला पाहिजे. हे काम अनुदानापेक्षाही गरजेचे आहे असे माझे मत.

ज्याला परदेशी म्हणत नाहीत

कायद्याच्या व्याख्येत एक मौजेची गोष्ट आहे. संयुक्त राष्ट्रसंघ, त्याच्या विशेष संस्था, जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचा पैसा परदेशी धरलेला नाही. संयुक्त राष्ट्रसंघाचा एक निधी १९९१ साली गुलामगिरीच्या आजच्या प्रकारांसाठी काढला गेला. त्यातून वेठबिगारीत अडकलेल्या माणसांना प्रत्यक्ष मदत करणाऱ्या बिगरसरकारी संस्थांना अनुदान मिळते. औषधपाणी, वकील, निवारा, मुलांचे शिक्षण, अशी मदत. परिषदा, अभ्यास आणि घोषणांना त्यातून पैसा मिळत नाही. म्हणजे उचलीत अडकलेल्या कोयत्याला सोडवणे, त्याचे घर पुन्हा उभे करणे, हे त्याच्या चौकटीत अगदी बसते. मात्र इथेही नोंदलेली संस्था, मागचे काम आणि हिशेब लागतातच, आणि अर्ज करण्यापूर्वी तो विशिष्ट निधी या सवलतीत बसतो का, हे जाणकार सनदी लेखापालाकडून लिहून घ्यावे.

दुसरी सवलत आपल्या गावच्या पोरांची. आपल्या भागातला एखादा मुलगा अमेरिकेत, दुबईत नोकरीला आहे आणि त्याचे नागरिकत्व भारताचेच आहे. त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत संस्थेला देणगी दिली तर ती परकीय अंशदान ठरत नाही. पण त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले की तोच मुलगा, तेच गाव, तीच माय, आणि पैसा मात्र परदेशी. देणगी घेताना त्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे विचारायला संकोच करू नका.

देशातल्या पैशाला ही वेस नाही. पण देशातला पैसा हक्कांच्या कामाला बिचकतो. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. कोणत्या कामावर, याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. भूक, शिक्षण, आरोग्य, स्त्री-पुरुष समानता, ग्रामीण विकास असे बरेच काही त्यात आहे, 'मानवी हक्क' हे शब्द नाहीत. कंपनी तुम्हांला शेततळे देईल, शाळेला बाके देईल. साखर कारखान्याच्या मुकादमाविरुद्ध खटला चालवायला देईल, अशी आशा धरू नका. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग संशोधनाला आणि प्रशिक्षणाला मदत करतो, त्याचा ओढा विद्यापीठे आणि संस्थांकडे असतो. आपल्या कामाचा त्याच्याशी संबंध वेगळा आहे, तो शेवटी सांगतो.

दोन चुली

मग मराठी मुलखात ज्यांनी हक्कांचे काम केले त्यांनी ते कसे निभावले? बहुतेकांनी दोन चुली मांडल्या. ठाणे जिल्ह्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ साली विधायक संसद ही संस्था काढली आणि १९८२ साली श्रमजीवी संघटना. शिक्षण, प्रशिक्षण, हिशेब, देणगी हे संस्थेकडे. मोर्चा, धरणे, वेठबिगाराला मालकाच्या दारातून बाहेर काढणे, हे संघटनेकडे. या कामासाठी त्यांना १९९९ साली लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा पुरस्कार मिळाला. आपल्या मराठवाड्यात बीड जिल्ह्यातून ॲड. एकनाथ आवाड यांनी हेच केले. ग्रामीण विकास केंद्र ही संस्था, आणि मानवी हक्क अभियान हे आंदोलन. २०१५ साली आवाड गेले. गायरान कसणाऱ्या दलित कुटुंबांच्या नावाने जमीन व्हावी म्हणून अभियानाने गावोगाव जो लढा दिला, त्याची पात्रतेची अट होती १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या कब्जाची. पुरावा कुठून आणायचा? तर अतिक्रमणाबद्दल सरकारनेच ठोठावलेल्या दंडाच्या पावत्या. शिक्षेचा कागद हक्काचा कागद झाला. मराठवाड्यातल्या किती कार्यकर्त्यांनी त्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपल्या, म्हणून आज कोणाच्या तरी नावाने रान आहे.

दोन चुलींचा हा मार्ग चालतो, पण त्याला पथ्य आहे. संस्थेचा पैसा मोर्चाच्या ट्रॅक्टरच्या डिझेलला गेला तर दोन्ही बुडतात. संस्थेचा पदाधिकारी निवडणुकीला उभा राहिला तर त्याने आधी राजीनामा द्यायला पाहिजे. आणि मुख्य म्हणजे पगार. संस्थेत महिना पगार घेणारा आणि संघटनेत घरची भाकर बांधून येणारा, हे दोघे एकाच सतरंजीवर बसतात तेव्हा काय होते, ते ज्यांनी पाहिले त्यांना मी सांगायला नको. अनुदान तीन वर्षांचे असते. तीन वर्षांनी देणारा म्हणतो, आता आमचा विषय बदलला, आता हवामान, नाहीतर आता मुली. तोपर्यंत आपला कार्यकर्ता पगाराला सवकलेला असतो आणि गाव त्याला 'साहेब' म्हणू लागलेले असते.

भीक नको, घामाचे दाम हवे, असे म्हणणाऱ्यांनी अनुदानाच्या अर्जावर सही करावी का, असा प्रश्न सकाळी एका ज्येष्ठ पाईकाने विचारला. माझे उत्तर असे. शेतीमालाच्या भावाचा लढा कोणाच्याही अनुदानावर लढायचा नाही, तो आपल्या घामावरच लढायचा. ऊसतोड्याला सोडवणे, विधवा बाईची केस लढवणे हे काम निराळे आहे. ते अनुदानावर करायला माझा विरोध नाही, पण ते संघटनेच्या नावाने होऊ नये. ज्यांना करायचे आहे त्यांनी वेगळा न्यास काढावा. त्यावर किमान निम्म्या बायका असाव्यात, पंचावर खटला नसावा, एका घरातला एकच माणूस असावा, आणि तीन वर्षे त्यांनी लहान देणग्यांवर नीट हिशेब ठेवून दाखवावा. संघटनेने त्याला मदत करावी, मालकी सांगू नये. तीन वर्षांनी पूर्वपरवानगीचा अर्ज किंवा संयुक्त राष्ट्रसंघाच्या निधीचा अर्ज करण्याइतके ते उभे राहिले असतील.

तोपर्यंत

आणि तोपर्यंत? तोपर्यंत ज्याला अनुदान लागत नाही ते तरी आपण कुठे पुरते वापरले आहे?

वेठबिगार कायद्याप्रमाणे वेठबिगाराची उचल फेडण्याची जबाबदारी संपते. कारवाई जिल्हाधिकाऱ्याने करायची असते. मुक्ततेचा दाखला मिळाला की केंद्राच्या २०१६ च्या योजनेतून पुरुषाला १ लाख, बाई किंवा मुलाला २ लाख आणि फार वाईट प्रसंगात ३ लाख रुपये पुनर्वसनाला मिळायची तरतूद आहे. पूर्ण रक्कम मिळायला वेळ लागतो, खटल्याच्या निकालाचा अडसर येतो, पण तातडीची मदत म्हणून ३० हजारांपर्यंत रक्कम लगेच देता येते. उचल घेऊन गेलेला प्रत्येक जण वेठबिगार ठरत नाही. त्याला जाण्या-येण्याची, काम सोडण्याची, रास्त मजुरीची मोकळीक नाही, हे दाखवावे लागते. म्हणून टोळी निघतानाच उचलीचा आकडा, मुकादमाचे नाव, कारखान्याचे नाव एका वहीत लिहून ठेवा. तांड्या-वाडीवर हे काम शाळेतली पोर करील. त्याला प्रकल्प लागत नाही, दहा रुपयांची वही लागते.

१९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली बाईला फुकट वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मिळतो. वेठबिगारीत अडकलेल्याला मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती कोर्टातच असते. आत्महत्येच्या प्रकरणात अपात्र ठरवलेल्या आपल्या बहिणीला हा दरवाजा उघडा आहे, आणि तिथे सातबारा विचारत नाहीत.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे किंवा दिल्लीच्या आयोगाकडे तक्रार करायला फी नाही, वकील नको, मराठीत लिहिले तरी चालते. मात्र घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार केली पाहिजे, आणि दोन्हीकडे एकदम करायची नाही, एकाकडे प्रकरण चालू असेल तर दुसरा त्यात पडत नाही. आयोग शिफारस करतो, हुकूम देत नाही, हेही ध्यानात ठेवा. तरी त्याची नोटीस आली की पोलीस ठाण्यातली फाईल शोधली जाते.

तेव्हा चौथ्या विषयावरचा ठराव लिहिताना हे वेगवेगळे लिहा : संघटना अर्ज करणार नाही, ज्यांना न्यास काढायचा त्यांची नावे, आणि आंदोलनातल्या खटल्यांची यादी कोण करणार त्याचे नाव. अपात्र ठरलेल्या ज्या बहिणी आज इथे आल्या आहेत त्यांनी जेवणानंतर कागद घेऊन डाव्या बाजूच्या टेबलाशी बसावे. नकाराचे पत्र मूळ नसेल तर झेरॉक्स चालेल, पण त्यावर तारीख दिसली पाहिजे.